कंबरेची सोनोग्राफी

पुरुषमाणूस सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर एकटा बसलेला दिसला, की बघणारा मनातल्या मनात निदान करून मोकळा होतो: मुतखडा. त्यातून हातात पाण्याची मोठी बाटली आणि चेहऱ्यावर 'आता धरवत नाही' असा भाव असेल, तर शेजारचा गृहस्थ ओळखपाळख नसताना कुळथाच्या कढणाची कृती सांगायला लागतो. पलीकडच्या बाई पानफुटीची पानं सुचवतात. समोरच्या भिंतीवर ती पाटी असतेच: 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.'

मी त्या बाकावर कंबरदुखी घेऊन बसलो होतो. आमच्या डॉक्टरांचा हिशेब सरळ होता. उजव्या बाजूला ठणका आहे, तर आधी खडा नाही ना ते बघून घेऊ. आत गार जेल, कुशीवर वळा, श्वास धरा, सोडा. दुखत होतं पाठीत आणि यंत्र फिरत होतं पोटावर. रिपोर्टात दोन्ही मूत्रपिंडं ठीक, प्रोस्टेट वयाप्रमाणे, आणि 'फॅटी लिव्हर ग्रेड वन', जे हल्ली रिपोर्टाच्या छापील नमुन्यातच घालून ठेवलेलं असावं अशी मला शंका आहे. पाठीबद्दल अवाक्षर नाही. जिथं बोट ठेवून मी 'इथं' म्हणत होतो, तिथं प्रोब, म्हणजे यंत्राचं अंगावर फिरवायचं टोक, टेकलाही नव्हता.

डॉक्टरांचं काही चुकलं होतं असं मुळीच नाही. कंबरदुखीत सोनोग्राफीचा सगळ्यात पक्का उपयोग हाच आहे: कंबर सोडून बाकीचं बघणं. खडा मूत्रवाहिनीत अडकला तर मूत्रपिंडाला येणारी सूज दिसते. उतारवयात पोटातली महाधमनी फुगली तर तीही पाठदुखीचं सोंग घेऊन येते, आणि ती वेळेत दिसली तर जीव वाचतो. पण हे सगळं 'नाही' निघालं, की सोनोग्राफीचं काम संपतं आणि माणूस एमआरआयच्या रांगेत जातो. मीही गेलो. तरी प्रश्न डोक्यात राहिला. हे यंत्र उलटं करून सरळ पाठीवरच का लावत नाहीत?

कारण हाड. ध्वनिलहरी मऊ मांसातून सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगानं जातात आणि हाडावर आदळल्या की बऱ्याचशा परत फिरतात, उरलेल्या हाडातच जिरतात. हाडामागे पडद्यावर नुसती काळी सावली. तान्ह्या बाळाच्या मणक्यांचं पुरतं हाड झालेलं नसतं, म्हणून त्याचा मज्जारज्जू सोनोग्राफीत छान दिसतो. आपल्या वयाला मणक्याची दारं बंद झालेली असतात. गादी सरकली का, नस दबली का, हे जे आपल्याला विचारायचं असतं, त्याची उत्तरं नेमकी त्या सावलीत असतात.

या यंत्राचा जन्मही गमतीचा. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड १९५५ साली ऑपरेशनात काढलेल्या गाठी मोटारीच्या डिकीत घालून एका बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले. तिथं धातूतल्या भेगा शोधायला ध्वनिलहरी वापरत. तुलनेसाठी कारखान्यानं मांसाचा एक मोठा तुकडा पुरवला. गाठींमधून आणि मांसामधून येणारे प्रतिध्वनी वेगळे निघाले. १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला, आणि पुढं हे यंत्र गर्भाशयाशी असं जोडलं गेलं की अजून सुटलेलं नाही. आपल्याकडे तर नाहीच. त्या पाटीकडे मी परत येणार आहे.

पाठीवर हे लावून बघायचा मोह मात्र जुना आहे. इंग्लंडात डॉनकास्टर हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. तिथले अस्थिशल्यचिकित्सक रिचर्ड पोर्टर यांनी १९७८ मध्ये ध्वनिलहरींनी मणक्याच्या नळीचा व्यास मोजायची पद्धत मांडली. प्रोब थोडा तिरका धरून, हाडांमधल्या फटीतून. नळी जन्मतःच अरुंद असेल तर गादीचा थोडासा फुगवटाही माणसाला आडवा करतो, असा त्यांचा तर्क, आणि पाठदुखीचे बरेच रुग्ण त्या अरुंद बाजूला निघाले. तर्क आजही टिकून आहे. मोजमाप टिकलं नाही. मिलिमीटरच्या फरकावर सगळा खेळ, हात बदलला की आकडा बदलायचा. तेवढ्यात सीटी आलं, मग एमआरआय आलं.

नव्वदीत अमेरिकेत दुसरंच निघालं. पाठीवर प्रोब फिरवून 'इथं सूज आहे, ही नस दुखावली आहे' असे रंगीत पुरावे देणारे दवाखाने सुरू झाले. अपघाताचे दावे आणि विम्याचे पैसे असले की असे पुरावे लागतातच. तिथल्या न्यूरॉलॉजी अकादमीनं १९९८ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं की प्रौढांच्या पाठदुखीच्या निदानासाठी याला आधार नाही. म्हणजे शोधायला जाल ते पडद्यावर सापडतंच, हे तेव्हाही सिद्ध झालं होतं.

इथंच विषय मिटला असता, पण माझी भाची ब्रिस्बेनला फिजिओथेरपिस्ट आहे.

ब्रिस्बेनमध्येच, क्वीन्सलँड विद्यापीठात, ज्युली हाइड्स, कॅरोलिन रिचर्डसन आणि पॉल हॉजेस या मंडळींनी नव्वदीत हाडामागं जायचा नाद सोडला आणि हाडाच्या अलीकडं काय आहे ते बघितलं. अलीकडं स्नायू आहेत. त्यांतला मल्टिफिडस हा मणक्याला अगदी चिकटून दोन्ही बाजूंनी खालपर्यंत जातो. बाहेरून दिसत नाही, जिममध्ये कुणी त्याचा फोटो काढत नाही. मणक्यांना जागच्या जागी आवळून धरणं हे त्याचं मुख्य काम. १९९४ मध्ये हाइड्स आणि सहकाऱ्यांनी एका बाजूची कंबर नुकतीच धरलेल्या २६ जणांच्या या स्नायूचं सोनोग्राफीनं माप घेतलं. दुखऱ्या बाजूला तो आक्रसलेला होता, आणि तोही सगळीकडे नाही, बहुतेक करून एकाच मणक्याच्या पातळीवर. दोन बाजूंतला फरक सरासरी ३१ टक्के. धडधाकट लोकांत तो ३ टक्क्यांच्या आसपास.

खरी गोष्ट दोन वर्षांनी आली. १९९६ च्या अभ्यासात पहिल्यांदाच कंबर धरलेले ३९ जण होते. चार आठवड्यांत बहुतेकांचं दुखणं थांबलं, उपचार कुठलाही असो. पण ज्यांना नेमका व्यायाम दिला नव्हता त्यांचा आक्रसलेला स्नायू दुखणं गेल्यावरही भरून आला नाही. माणूस म्हणतोय बरा झालो, कामावर जातोय, आणि आत तो एक तुकडा तसाच. याच लोकांना पुढं विचारलं तेव्हा वर्षभरात पुन्हा कंबर धरलेले व्यायामवाल्यांत ३० टक्के निघाले, बाकीच्यांत ८४. माणसं थोडी होती, त्यामुळं या आकड्यांवर मी घर बांधणार नाही. पण दरवर्षी 'पुन्हा धरली बघ' म्हणणारी जी आपली निम्मी आळी आहे, तिचं थोडं तरी उत्तर यात असावं.

मी तिकडं गेलो होतो तेव्हा भाचीनं मला एका दुपारी दवाखान्यात पालथं झोपवलं आणि प्रोब, शेवटी एकदाचा, जिथं दुखतं तिथं टेकवला. पडदा वळवून माझ्या तोंडासमोर आणला.

"मामा, हे वरचं राखाडी म्हणजे कातडी आणि चरबी. घाबरू नकोस, सगळ्यांची असते. ही पांढरी रेघ फॅशिया, स्नायूंवरचं आवरण. आणि हे खाली उंचवटे दिसतात ना, ते सांधे. त्यांच्यावर बसलाय तो मल्टिफिडस."

"मग दुखतंय ते कुठंय?"

"दुखणं यात दिसत नाही रे. ते बघायचं यंत्र नाही निघालेलं."

मग ती म्हणाली, "आता माझ्या बोटाखालचा स्नायू हळूच फुगव. पाठ हलवू नकोस, ढुंगण आवळू नकोस, श्वास रोखू नकोस." हे तीन 'नको' काढल्यावर माणसानं करायचं काय शिल्लक राहतं हे मला समजेना. मी जे काही केलं त्यानं पडद्यावर काहीच झालं नाही. डावीकडं मात्र तेच केल्यावर राखाडी पट्टा फुगला, स्पष्ट फुगला, आणि सोडल्यावर बसला. उजवीकडं पुन्हा. पुन्हा. "जोर लावू नकोस. जोर लावलास की वरचे दांडगे स्नायू धावून येतात आणि याला काम उरत नाही." बऱ्याच वेळानं उजवा पट्टा जरासा, कणभर हलला. मला आत काही जाणवलंही नव्हतं. पडद्यावर दिसलं म्हणून कळलं की आपण काहीतरी बरोबर केलं. दुसऱ्यांदा ते करताना मात्र जाणवलं.

एमआरआयचा माणसाशी काही संवाद नसतो. तो एकदा काढतात, आणि फिल्म आयुष्यभर कपाटावर राहते. माझ्या रिपोर्टात 'एल फोर - एल फाइव्ह डिफ्यूज डिस्क बल्ज', म्हणजे कंबरेतल्या गादीचा फुगवटा, होता आणि ते वाचल्यापासून मी खाली पडलेला रुमाल उचलतानाही दोनदा विचार करायचो. १९९४ च्याच एका प्रसिद्ध अमेरिकी अभ्यासात पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले होते. ५२ टक्क्यांत कुठंतरी गादीचा फुगवटा होता. २०१५ मध्ये तीन हजारांवर बिनदुखऱ्या माणसांचे अभ्यास एकत्र केले तेव्हा वीसएक वर्षांच्या पोरांतही ३० टक्के फुगवटे निघाले आणि ऐंशीच्या घरात ८४ टक्के. डोकीवरचे पिकलेले केस मोजावेत तसं हे. कुणाच्या डोकेदुखीचं कारण म्हणून आपण त्यांच्याकडं बोट दाखवत नाही. नस दबून पाय लुळा पडत असेल, लघवीवरचा ताबा जात असेल, तर एमआरआयला पर्याय नाही आणि उशीरही करू नये. पण बाकीच्या बहुसंख्य लोकांना तो कागद भीती देतो, आणि करायला काही देत नाही.

भाचीच्या पडद्यावर निदान असं काहीच झालं नव्हतं. मला कशानं दुखतंय हे तिनं सांगितलं नाही, तसा दावाही केला नाही. तिनं मला माझाच एक स्नायू हलताना दाखवला. यंत्राचं एवढंच काम मला पटलं. एलेन लँजेव्हॅन या संशोधक बाईंनीही असंच हलतं चित्र वापरलं. कंबरेवर जो जाड फॅशियाचा पडदा असतो त्याचे थर पुढं वाकताना एकमेकांवरून सरकतात. जुनाट कंबरदुखीच्या लोकांत ते सरकणं सुमारे २० टक्क्यांनी कमी निघालं. पडून राहून पाठ आखडते हे आजी सांगायचीच. इथं ते पडद्यावर मोजता आलं.

क्रिकेटची गोष्टही भाचीनंच सांगितली. ऑस्ट्रेलियाच्या होतकरू क्रिकेटपटूंच्या १३ आठवड्यांच्या शिबिरात, पाठ दुखणाऱ्या पोरांना पडद्यावर स्नायू दाखवत हेच शिकवलं. स्नायू भरला, दोन बाजूंतली तफावत कमी झाली, वेदना सरासरी निम्म्यावर आली. हा अभ्यास २००८ चा. मी लगेच आपल्या वेगवान गोलंदाजांच्या पाठींचा विषय काढला आणि ती संध्याकाळ तिथंच गेली.

तिच्याच तोंडून एक कडू घोटही प्यायलो. असे निवडक स्नायूंचे व्यायाम जुनाट कंबरदुखीत इतर चांगल्या व्यायामांपेक्षा वरचढ ठरतात का? अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१६ च्या कॉक्रेन आढाव्याचं उत्तर: काही न करण्यापेक्षा बरे, पण इतर व्यायामांपेक्षा फारसे सरस नाहीत. "म्हणजे हे सगळं नाही केलं आणि रोज भराभर चाललो, तर?" "तरी चालेल," ती म्हणाली. "ज्याला व्यायाम जमतच नाही, त्याला दाखवायला हे बरं पडतं."

उपचारात हे यंत्र दुसऱ्या एका वाटेनंही आलंय, आणि आपल्याकडं तीच वाट जास्त चालू आहे. पेन क्लिनिकमधले भूलतज्ज्ञ सोनोग्राफीवर बघत बघत सुई नेतात: मणक्याच्या लहान सांध्यांत, माकडहाडाच्या वरच्या सांध्याजवळ, किंवा खालून, माकडहाडाजवळच्या फटीतून, ज्याला ते कॉडल मार्ग म्हणतात. सी-आर्म या हलत्या एक्स-रे यंत्राची गरज नको, शिशाचा एप्रन नको, आणि वाटेतली रक्तवाहिनी दिसते. खोल जागी, जाड माणसात आणि नसेच्या अगदी मुळाशी मात्र सी-आर्मच लागतो. या लोकांची चित्रं ओळखायची भाषा मला फार आवडली. मणक्याच्या बाजूला निघालेल्या आडव्या हाडांच्या तीन सावल्या दिसल्या की ते 'त्रिशूळ' म्हणतात. सांध्यांच्या ओळीला 'उंटाची वशिंडं', त्याच्या शेजारी 'घोड्यांची डोकी', आणि माकडहाडाशी 'बेडकाचे डोळे'. इतकं पशुपक्ष्यांचं प्रदर्शन आपल्या कंबरेत भरलंय आणि आपण नुसतं 'गॅप आलाय' म्हणून सांगत फिरतो.

आपला फिजिओथेरपीवाला 'अल्ट्रासाऊंड' म्हणजे हे नव्हे, हेही इथंच सांगून टाकतो. जेल लावून गुळगुळीत डोकं गोल गोल फिरवतात ते यंत्र काही दाखवत नाही; आतल्या मांसाला ऊब देतं असं म्हणतात. बायकामाणसं 'करंट घेऊन आले' म्हणतात त्याच पंगतीतलं. छान वाटतं, मी नाकारत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यात हे अल्ट्रासाऊंड, ट्रॅक्शन, टेन्स (म्हणजे विजेचे सौम्य झटके) आणि कमरेचा पट्टा हे सगळे 'नेहमीच्या उपचारात देऊ नका' या यादीत आहेत. आपल्याकडं या चार गोष्टी वगळल्या तर किती दवाखान्यांत काय उरेल, हा प्रश्न मी आमच्या फिजिओ मॅडमना विचारायचं धाडस केलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "काका, मशीन नाही लावली तर पेशंट म्हणतो, पैसे कशाचे घेतले?"

परत येताना भाचीनं विचारलं होतं, "तुमच्याकडं फिजिओ हे का वापरत नाहीत?" तेव्हा तिला त्या पाटीचं सांगावं लागलं. गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा. म्हणजे ब्रिस्बेनमध्ये मल्टिफिडस मोजला जात होता त्याच वर्षी आपण या यंत्रावर पहारा बसवत होतो. प्रत्येक यंत्राची नोंदणी, कायद्याखाली नोंदणी नसलेल्या कुणाला विकायचं नाही, कुठंही उचलून न्यायचं नाही. फिजिओथेरपिस्टला आपल्या दवाखान्यात ते ठेवता येत नाही. तिला हे जाचक वाटलं. मला वाटलं नाही. मी तिला बीड सांगितलं: २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली.

बीडचं आणखी एक आहे, आणि ते कंबरेशीच येऊन पोचतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि फडातून ट्रकपर्यंत डोक्यावर मोळ्या. पहाटेपासून वाकून तोड. अशा बाईची कंबर दुखेल यात नवल काय? पण ती पोटदुखी, पांढरं जाणं आणि कंबरदुखी घेऊन गेली की 'पिशवी खराब झालीय, काढून टाका' असं ऐकून परत येई. काहींच्या हकिकतींत मध्ये एक सोनोग्राफीही येते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, पाहणी झाली. ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पिशवी गेली तरी मोळी डोक्यावरच राहिली. कित्येकींची कंबर नंतर जास्तच दुखायला लागली.

त्या बायकांच्या पाठीवर कुणी प्रोब टेकवला असता, तरी मोळीचं वजन काही त्यात दिसलं नसतं. पण निदान दुखत होतं तिथं कुणी हात तरी लावला असता. माझ्या बाबतीतही प्रोब पोटावरच फिरला होता. फरक एवढाच की पुरुषाच्या पोटात काढून टाकण्यासारखं काही सापडत नाही.

तेव्हा आमच्या फिजिओ मॅडमकडं पडदा नाही. त्यांच्याकडं बीपीचा कफ आहे. ही युक्तीही मूळ त्याच क्वीन्सलँडच्या मंडळींची, त्यांनी यासाठी वेगळं उपकरण केलं; इथं साधा कफ चालतो. उताणं झोपायचं, गुडघे वाकवायचे, कमरेखाली कफ ठेवून चाळीसपर्यंत हवा भरायची. मग पोट अलगद आत घ्यायचं आणि एक पाय सावकाश सरळ करायचा. काटा चाळीसवरच राहिला तर कंबर धरून ठेवली. पन्नासकडं पळाला तर पाठ दाबली. खाली पडला तर सोडून दिली. ब्रिस्बेनच्या पडद्याइतकं यात काही दिसत नाही, पण करायला मिळतं, आणि काट्याकडं बघता बघता माणूस श्वास रोखायचाही विसरतो.

मी ट्रॅक्शन बंद केलंय. मॅडमनी त्याऐवजी दोन व्यायाम वाढवून दिले आणि पैसे तेवढेच घेतले. माझा काटा अजून अडतीस ते बेचाळीसमध्ये डुलतो. "एवढं चालतं, काका," त्या म्हणतात, आणि पलीकडच्या पडद्याआड कुणाला तरी मशीन लावायला निघून जातात.